मॅक मिनी : थांबायचं की घ्यायचं?
मिठाईच्या बॉक्सएवढा मॅक मिनी २००५ मध्ये ४९९ डॉलरला आला आणि कमी बजेटवाल्यांचा लाडका झाला. २०१४ च्या अपडेटने मात्र क्वाड-कोअर काढून घेतला, रॅमही बोर्डलाच सोल्डर केली. म्हणजे नंतर वाढवायची सोयच संपली! पुढची चार वर्षं चाहते अ‍ॅपलच्या प्रत्येक इव्हेंटकडे डोळे लावून बसले. २०१८ मध्ये एकदाचं अपडेट आलं : सहा कोअरचा पर्याय, ६४ जीबीपर्यंत रॅम. पण सुरुवातीची किंमत ४९९ वरून थेट ७९९ डॉलर! थोडक्यात काय, नवं मॉडेल भारी असेलच असं नाही आणि भारी असलं तर स्वस्त असेलच असंही नाही. तेव्हा मंडळी, प्रोजेक्ट अडलं असेल तर आहे ते घ्या. नसेल अडलं, तर खुशाल वाट बघा.