फ्रोझन मटार? गिल्ट कशाला!

फ्रोझन मटारचं पाकीट ट्रॉलीत टाकताना आपला हात जरा अडखळतोच. ताजी भाजी म्हणजे पौष्टिक आणि पाकिटातली म्हणजे शिळी, हे आईने डोक्यात पक्कं बसवलंय ना! पण गंमत बघा, हिवाळ्यात स्वस्त झालेला मटार ढिगाने सोलून, गरम पाण्यातून काढून फ्रीझरमध्ये भरून ठेवणारीही आईच.

कंपन्या तेच करतात, फक्त झटपट. दाणे मिनिट-दोन मिनिटं गरम पाण्यात किंवा वाफेत धरायचे, लगेच गार करायचे आणि उणे १८ अंशांवर गोठवायचे. यात थोडं 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट जातं, हे खरं. पण पुढची घसरण खूपच मंदावते. फायबर आणि लोह तर जवळपास तसंच राहतं.

ताज्या भाजीचं घड्याळ मात्र तोडल्या क्षणापासून सुरू होतं. शेत, मार्केट यार्ड, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि मग आपला फ्रीज! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी २००७मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सात दिवस फ्रीजमध्ये ठेवलेल्या पालकातलं सुमारे ७५ टक्के 'क' जीवनसत्त्व गायब! २०१५मध्ये तिथेच आठ फळं-भाज्या तपासल्या, तेव्हा 'क'च्या बाबतीत फ्रोझन मागे पडलं नाही. बीटा कॅरोटिन मात्र काही फ्रोझन भाज्यांत बरंच कमी भरलं.

थोडक्यात, आज आणून आजच फोडणीला टाकलेली मेथी बेस्ट. पण रविवारी आणून शुक्रवारी आठवलेल्या पालकापेक्षा फ्रोझन बरं.

मी तीन गोष्टी पाळते. पाकीट दाबून बघते. दाण्यांचा दगड झाला असेल, तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं असू शकतं. दाणे थेट कढईत टाकते, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देत नाही. आणि फ्रोझन कटलेट, फ्राइज यांना 'भाजी' म्हणत नाही. तिथे तेल-मिठाचा हिशोब वेगळा.

खरं सांगू? रात्री नऊला ऑफिसमधून आल्यावर सामना ताजी विरुद्ध फ्रोझन असा नसतोच. तो भाजी विरुद्ध दोन मिनिटांच्या नूडल्स असा असतो. आणि न खाल्लेल्या भाजीत जीवनसत्त्वं कितीही असली, तरी आपल्या पोटात शून्यच जातात!