टाकलेली वस्तू उचलावी का?

दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून जुने सामान बाहेर पडते. मोडकी खुर्ची, रिकामे डबे, फाटकी गादी, लेकरांना लहान झालेले कपडे. कोणी ते भंगारवाल्याला देतो, कोणी घंटागाडीत टाकतो, तर कोणी सरळ गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर त्यातले निम्मे सामान जागेवर नसते. ते कोणाच्या तरी घरी गेलेले असते. "डॉक्टरसाहेब, असे उचललेले सामान वापरले तर चालते का?" असे विचारणारे दवाखान्यात अधूनमधून भेटतात. विचारताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. कारण या प्रश्नात रोगाच्या भीतीइतकीच लाजही असते.

आधी लाजेचे पाहू. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी आपल्याकडे घरोघरी शिवली जात असे. बोहारीण दारात येऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत असे आणि तेच कपडे पुढे दुसऱ्याच्या अंगावर जात. गाडगेबाबा (१८७६-१९५६) अंगावर चिंध्या पांघरून, हाती खराटा घेऊन गावोगाव फिरले. त्यांना कोणी हलके मानले नाही. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपली म्हणच सांगते. तेव्हा कोणी खरोखर टाकून दिलेली वस्तू उचलून वापरण्यात पाप नाही. मात्र ठेवलेले आणि टाकलेले यांतला फरक ओळखावा. ओट्याजवळ, अंगणात किंवा दुकानासमोर दिसलेली वस्तू विचारल्याशिवाय उचलू नये. एक शब्द विचारल्याने कोणी लहान होत नाही.

आता आरोग्याचे पाहू. वस्तू गरिबाची की श्रीमंताची, विकत घेतलेली की उचललेली, हे शरीराला कळत नाही. त्याला जंतू कळतात आणि विष कळते. म्हणून कोणतीही टाकलेली वस्तू घरात आणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हिच्यात पूर्वी काय होते? दुसरा, ही धुऊन, उकळून किंवा उन्हात तापवून स्वच्छ होईल का? दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर वस्तू खुशाल वापरावी. लोखंडी खाट, स्टीलचे भांडे, लाकडी पाट, काचेची बरणी, शाळेची पुस्तके यांत भिण्यासारखे काही नाही. साबण, गरम पाणी आणि कडक ऊन एवढे पुरते.

कपड्यांतून खरजेचा किडा येऊ शकतो. पण माणसाच्या अंगापासून दूर तो साधारण दोन-तीन दिवसच जगतो. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. धुण्याजोगे नसतील तर पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवावेत. गादी, उशी आणि सोफा मात्र आणूच नये. ढेकूण अन्नाशिवाय कित्येक महिने तग धरतो, आणि कापसाच्या आत शिरलेला ढेकूण उन्हानेही सहजी निघत नाही.

या वस्तू कधीही आणू नका

सर्वांत आधी नाव घ्यायचे ते फवारणीच्या औषधाच्या डब्या-बाटल्यांचे. सोयाबीन, कापूस आणि हळद पिकवणारा आपला हिंगोली जिल्हा. हंगामात शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर असे डबे पडलेले दिसतात. डबा मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, म्हणून कोणी त्यात रॉकेल भरते, कोणी गोडेतेल, तर कोणी पिण्याचे पाणीसुद्धा. कितीही वेळा विसळला तरी तो डबा खाण्यापिण्याच्या कामाचा राहत नाही. असे रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलेले आहे. औषध पोटात गेल्यास लाळ सुटते, दरदरून घाम येतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडकतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे आणि सोबत तो डबा किंवा त्यावरचा कागद घ्यावा. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

दुसरी वस्तू म्हणजे जुना रसायनांचा ड्रम. मराठवाड्यात पाण्याची टंचाई आपल्या पाचवीला पुजलेली. त्यामुळे मोठा निळा ड्रम कुठे मिळाला की तो पाण्यासाठी घरात येतो. त्यात आधी कोणते रसायन होते ते ठाऊक नसेल, तर त्यात पिण्याचे पाणी भरू नये. प्लॅस्टिक रसायन शोषून घेते आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडत राहते.

तिसरी वस्तू जुने टायर. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून अनेक घरांवर टायर ठेवलेले असतात. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासाला आयते घर मिळते. या डासाची अंडी कोरड्या टायरला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणजे उन्हाळ्यात आणलेले कोरडे टायरही पावसाळ्यात ताप देऊ शकते. पत्र्यावर दगड ठेवावा, किंवा टायरला खालून भोके पाडून पाणी निघून जाऊ द्यावे.

चौथी वस्तू गाडीची जुनी बॅटरी. ती घरी फोडून शिसे काढण्याच्या फंदात पडू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. तसेच तांब्यासाठी वायर जाळणे, चूल पेटवायला टायरचा तुकडा किंवा जुनी चप्पल घालणे, हेही बंद करावे. तो धूर विषारी असतो. आणि अर्ध्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटे, औषधाच्या बाटल्या कचऱ्यातून उचलून कधीही घेऊ नयेत.

सुई टोचली तर

दवाखान्यातील कचरा घरगुती कचऱ्यात मिसळणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठीचे नियम पहिल्यांदा १९९८ साली आले आणि २०१६ साली ते नव्याने करण्यात आले. तरीही ढिगात सुई सापडते. शिवाय घरी इन्सुलिन घेणारे मधुमेही रुग्णही सुया टाकतातच. ब प्रकारच्या कावीळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर या कावीळीची लागण शंभरात ६ ते ३० जणांना होऊ शकते. एचआयव्हीची हजारात सुमारे तिघांना. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात या कावीळीची मोठी साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्याने ती पसरल्याचे तपासात पुढे आले.

सुई टोचल्यास जखम पिळू नये, चोखू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. पत्रा किंवा काच लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. ज्यांचा हात रोज कचऱ्यात जातो त्यांनी कावीळ ब च्या लसीचे तीन डोस आधीच घेऊन ठेवावेत. ढिगावरचे कुत्रे चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

टाकणाऱ्याचे काय?

आतापर्यंत उचलणाऱ्याला पुष्कळ सांगितले. पण सुई ढिगात ठेवली कोणी? काच उघडी टाकली कोणी? आपल्यापैकी कित्येक जण हौस म्हणून एखादी खुर्ची उचलतात. ज्यांची चूलच त्यावर पेटते त्यांना निवड नसते. त्यांच्या हाताला काय लागावे हे आपण टाकताना ठरवतो.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्यांचा कचरा वेचणाऱ्या बायकांशी संबंध आला. कचरा घरातच वेगळा करून दिला तर या बायकांची कमाई वाढते आणि ढिगात बसण्याचे तासही कमी होतात, असे त्यांना दिसले. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. तुम्ही टाकलेले आम्ही उचलतो हे आमचे काम आहे आणि त्यावर आमचा हक्क आहे, असे या बायकांनी शहराला सांगितले. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार कचरा घेऊ लागल्या. डॉक्टर म्हणून मला यातली गोष्ट पटते ती अशी, की उकिरड्यात जाणारा हात दारापर्यंत आला आणि त्या हाताला होणाऱ्या जखमा टाळण्याची सोय झाली. २०१३ साली त्यांनी वापरलेले पाळीचे पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. दुसऱ्याचे उघडे रक्त हातांनी वेगळे करणे म्हणजे काय, हे त्यामुळे अनेकांना प्रथमच समजले.

आपल्या गावात एवढी मोठी व्यवस्था नसली तरी घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे ठळक लिहा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि ती बाटली दवाखान्यात नेऊन द्या. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. जुन्या गोळ्या पाकिटातून काढून, मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून टाका. रिकाम्या औषधी डब्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे तो कोणाच्या पाण्याला लागणार नाही. आणि एखादी वस्तू चांगली असेल तर ती ढिगावर टाकू नका. धुऊन, पुसून, ज्याला हवी त्याच्या हातात द्या. मग तिला कोणी कचरा म्हणणार नाही आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही.