संगणकाच्या गाभ्यातली चाळणी

बालमित्रांनो, घरातला संगणक रेंगाळू लागला की आपण वैतागतो. पण नेमके अडते कुठे? डिस्कवर, नेटवर्कवर, की एखाद्या प्रोग्रॅममध्ये? हे मोजून शोधण्याला प्रोफायलिंग म्हणतात. आपल्यापैकी काहींचे आई-बाबा ऑफिसात हेच काम करतात. ते काम आज आपण मराठीतून समजून घेऊ.

संगणकाचा सगळा कारभार ज्याच्या हाती असतो, तो गाभा म्हणजे कर्नल. (सैन्यातला कर्नल वेगळा!) कुठलाही प्रोग्रॅम फाइल वाचतो ती कर्नलला सांगूनच. अशा घटना सेकंदाला हजारो घडू शकतात. प्रत्येकीची नोंद कर्नलबाहेर आणून मग निवडत बसलो, तर त्या मोजणीनेच संगणक आणखी मंद होईल! आई पीठ परातीत पडण्याआधीच चाळते, मग कोंडा वेचत बसावे लागत नाही. तसेच इथे करायचे. चाळणी कर्नलमध्येच बसवायची.

अशी एक चाळणी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी तयार केली आणि १९९२ साली तिच्यावर लेख लिहिला. तिचे नाव बर्कले पॅकेट फिल्टर, म्हणजेच बीपीएफ. ती फक्त नेटवर्कवरची पाकिटे चाळत असे. २०१४ साली लिनक्समध्ये तिचे नवे, मोठे रूप आले. आता ती कर्नलमधल्या इतर अनेक घटनाही चाळते.

समजा, १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणारी फाइल-वाचनेच आपल्याला मोजायची आहेत. मग असे करतात:

१. सी भाषेत काही ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा.
२. क्लँग नावाचा कंपायलर त्याचे बीपीएफच्या सूचनांमध्ये रूपांतर करतो.
३. कर्नलमधला तपासनीस त्या सूचना तपासतो.
४. पास झालेला प्रोग्रॅम कर्नलमध्ये बसतो आणि मोजलेले आकडे एका तक्त्यात ठेवतो. आपले साधन फक्त तो तक्ता वाचते.

पर्फ आणि बीपीएफट्रेस ही साधने अशा चाळण्या वापरतात. बीपीएफट्रेसमध्ये तर एका ओळीतही काम भागते. कंपाइल करण्याचे काम ते स्वतःच करते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो, पण कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खा संगणक बंद पडू शकतो. म्हणून तपासनीस आधीच विचारतो: हा प्रोग्रॅम नक्की संपेल ना? परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावणार नाही ना? पूर्वी फेऱ्या मारणारे लूप त्याला मुळीच चालत नसत. २०१९ पासून मोजक्या फेऱ्यांचे लूप चालतात. शंका आली की प्रवेश नाही!

नवे शब्द: चाळणी, परात, कोंडा, गाभा, तपासनीस. प्रत्येकाचे एक वाक्य करा.

डोके चालवा: १० मिलिसेकंदांची मर्यादा १ वर आणली, तर चाळणीतून नोंदी जास्त येतील की कमी? आई-बाबांना मराठीतच समजावून सांगा!