सोडणाच्या गादीवर टोमॅटो

कोकणात नारळाचं सोडण म्हटलं की बंब आठवतो. वाळवायचं, पेटवायचं, अंघोळीचं पाणी कढत! त्याच सोडणातला भुसा पिशव्यांत भरून हॉलंडच्या काचघरांत टोमॅटोखाली अंथरतात. कोकोपीट म्हणतात ते हेच.

सोडणातून काथ्या काढताना १ किलो धाग्यामागे साधारण २ किलो भुसा पडतो. म्हणजे धंदा दोरीचा आणि ढीग भुशाचा. केरळात आलप्पुळाच्या बाजूला असे ढीग वर्षानुवर्षं पडून असायचे. त्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे पठ्ठ्या कुजायचं नावच घेत नाही. पण कुंडीत हीच खोड कामाला येते. भुसा लवकर दबत नाही, मुळांना हवा मिळत राहते.

यंत्रानं दाबलेल्या भुशाची ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर भुसा होतो. घरातली बादली पुरेल असं वाटत असेल, तर फरशी पुसायची तयारी ठेवा.

एवढं ओलंचिंब असलं तरी त्यात खायला जवळजवळ काही नाही. थोडं पोटॅश सोडलं तर ठणठणाट. राहायची सोय आहे, जेवणाची नाही. खत रोज पाण्यातून तुम्हीच द्यायचं. शिवाय नारळ समुद्रकाठचा आणि सोडणं मुरत पडतात खाडीच्या पाण्यात, त्यामुळे भुसा खारट असू शकतो. आधी धुणं आलंच.

खरी गोम पुढे आहे. भुशाचे कण सोडियम आणि पोटॅश धरून बसलेले असतात. कॅल्शियम दिसलं की ते सोडतात आणि याला पकडतात. टोमॅटोच्या वाट्याला कॅल्शियम उरत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. आपण मात्र रोग समजून फवारणी करत बसतो! जाणकार भुसा आधीच कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, मग धुऊन घेतात.

त्या काचघरांतला वेल हंगामाअखेर १० मीटरच्या वर जातो. शेंडा वरच्या तारेला पोचला की दोरी सैल करून खोड खाली आडवं निजवतात. मुळं मात्र त्या एवढ्याशा पिशवीतच.

टोमॅटोचं फूल हादरल्याशिवाय पराग नीट सोडत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथं माणसं थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरायची. मग केसाळ बंबलबी माश्यांना कामावर घेतलं. गॅलरीतल्या झाडाला सकाळी देठावर एक टिचकी पुरते. कुणी इलेक्ट्रिक टूथब्रशही लावतात. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा.

आणि हे सगळं परदेशातलंच समजू नका. नाशिक-नारायणगाव पट्ट्यातल्या रोपवाटिकांत ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये भरतात ते कोकोपीटच. तुमच्या सारातल्या टोमॅटोच्या झाडानं माती पाहिली असेल, तर बहुधा तीन-चार आठवड्यांचं झाल्यावर.