मूत्रमार्गसंकोच व वाताष्ठीला : अल्पछेदी उपचार आणि आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचे साम्य आज आपण प्रोस्टेट ग्रंथीच्या वृद्धीशी पाहतो. निरुद्धप्रकशात दोन्ही बाजूंनी उघडी, घृताने स्निग्ध केलेली नाडी प्रवेशित करावी व दर तीन दिवसांनी अधिक जाड नाडी योजावी, असे त्यांनी सांगितले. क्रमशः विस्फारणाचे हे तत्त्व मूत्रमार्गसंकोचात आजही उपयोगी पडते.

अर्वाचीन शास्त्रात दुर्बिणीद्वारे ग्रंथी तासण्याची शस्त्रक्रिया दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु तीनंतर अनेकांचे वीर्य मूत्राशयात उलटे जाते. अमेरिकेत 2013 साली मान्यता मिळालेल्या युरोलिफ्टमध्ये ग्रंथी न कापता सूक्ष्म रोपणांनी तिचे खंड बाजूस ओढले जातात. 2015 मधील रेझूम पद्धतीत पाण्याची वाफ सोडून वाढलेल्या ऊतींचा नाश करतात. दोहोंत वीर्यस्खलन बहुधा अबाधित राहते. मात्र पुढे पुन्हा उपचार लागण्याचा संभव अधिक असतो. आखूड संकोचासाठी 2021 पासून पॅक्लिटॅक्सेलचा लेप दिलेला फुगाही तेथे मान्य आहे.

आपल्याकडे अपामार्गक्षारतैलाची उत्तरबस्ती संकोचात दिली जाते. ती देताना निर्जंतुकता काटेकोर असावी. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असताना देऊ नये.

येथे एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. थेंबथेंब लघवी होते म्हणून आलेल्या सत्तरीच्या एका शेतकऱ्यास मी दोन महिने गोक्षुरादि गुग्गुळ व वरुणादि क्वाथ दिला. एके दिवशी उदरपरीक्षण केले, तेव्हा मूत्राशय नाभीपर्यंत तुंबलेला आढळला. सोनोग्राफीत दोन्ही वृक्क फुगलेले होते, क्रिएटिनिनही वाढलेले. कॅथेटर घातला, यथावकाश शस्त्रक्रिया झाली; वृक्क मात्र पूर्ववत झाले नाहीत. दोष माझाच. पहिल्याच दिवशी पोटावर हात ठेवावयास हवा होता.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनो, अशा रुग्णात उदरपरीक्षण, गुदपरीक्षण, लघवीनंतर उरलेल्या मूत्राचे मापन, क्रिएटिनिन व पीएसए या तपासण्या टाळू नयेत. लघवी पूर्ण अडणे, लघवीतून रक्त जाणे, ज्वर वा वृक्कशोथ दिसल्यास त्वरित मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्या मित्रांनीही वृद्ध पुरुषास सर्दीची गोळी देण्यापूर्वी लघवीची तक्रार विचारावी. त्यांतील काही घटकांनी मूत्र अडू शकते. रुग्ण योग्य वेळी योग्य हाती सोपविणे, हाही चिकित्सेचाच भाग होय.