तुरीला पाण्याने मारलेलं नाही

"पाण्यानं गेली तूर." नोव्हेंबर-डिसेंबरात देवळी, सेलू, समुद्रपूर, कुठल्याही वावरात विचारा, हेच उत्तर. फुलोऱ्यातलं झाड चार-आठ दिवसांत वाळतं, शेजारचं हिरवंगार राहतं आणि ठपका मात्र शेवटच्या पावसावर. अहो, पाऊस काय झाडं निवडून पडला होता?

वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. सालीखाली तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या, तर ती मर. करणारी बुरशी फ्युजेरियम उडम. बटलर यांनी तिचं हे नाव 1910 मध्येच दिलं. ती बारीक मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. मातीत ओल असताना झाड तहानेने मरतं! पाण्याने मारलं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

या बुरशीचे बीजाणू तीन तऱ्हेचे: बारीक अंडाकार, विळ्यासारखे वाकडे आणि जाड कवचाचे गोल. खरा चिवट तो तिसरा. शंभर-दीडशे ओळीने मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. वावरात राहिलेल्या रोगट मुळा-धसकटांत ही बुरशी दबा धरून बसते. इक्रिसॅटच्या अभ्यासानुसार काळ्या जमिनीत सुमारे अडीच वर्षं. म्हणजे यंदाची मर बहुधा मागच्याच तुरीने पेरलेली. आणि आपण पंप पाठीवर घेऊन पानं धुतो! बुरशी खोडात, बीजाणू मातीत, औषध पानावर.

पाणी अगदी निर्दोष नाही. वावरात साचलं तर मुळं गुदमरतात, फायटोप्थोराचा करपाही येतो (त्याला शास्त्रज्ञ आता बुरशीत मोजतही नाहीत). पण ते दुखणं वेगळं, त्यात खोडावर बाहेरून डाग पडतात.

मरीवर उपाय पेरणीआधीचेच: बीएसएमआर 736 किंवा पीकेव्ही तारासारखं प्रतिकारक वाण, बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि ज्वारीचा फेरपालट. पण ज्वारी आपण सोयाबीनपायी हद्दपार केली.

इतर गैरसमज थोडक्यात. कपाशीच्या पानाखालचा दहिया ना दव, ना फवारणीचा थर, ते बीजाणूच. मसाल्यातलं दगडफूल फूल नाही, शेवाळही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे, आणि त्याच्या कडेची पिठासारखी भुकटी दोघांनाही घेऊन नव्या झाडावर बिऱ्हाड थाटते. टेकोडे विजेच्या कडकडाटाने फुटत नाहीत. वारुळात वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या त्या छत्र्या. उमललेली एक छत्री पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवा, सकाळी बीजाणूंची गुलाबट नक्षी उमटलेली दिसेल.