श्वानाचे दात व हिरड्या : घरगुती निगेची शास्त्रीय बैठक

भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठचे गोसीखुर्द हे नाव १९८८ साली पायाभरणी झालेल्या धरणामुळे सर्वपरिचित आहे. धानाच्या या मुलखात राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा भात, पेज व मासळीचे उरलेसुरले येते. त्याच्या अंगावरील गोचिडांकडे धन्याचे लक्ष असते. तोंडात मात्र सहसा कोणी डोकावत नाही. तोंडाची दुर्गंधी हा कुत्र्याचा स्वभावधर्मच, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः ती बहुधा हिरड्यांच्या व्याधीची पहिली खूण होय.

पिलास दुधाचे २८ दात असतात. वयाच्या सहा-सात महिन्यांच्या सुमारास त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात : वर २० व खाली २२. त्यांत कृंतक १२, सुळे ४, उपदाढा १६ व दाढा १० अशी विभागणी आहे. मनुष्याप्रमाणे दात किडणे श्वानात विरळ आढळते. त्याची लाळ अधिक अल्कधर्मी असल्याने कीड कमी लागते. परंतु त्याच गुणामुळे लाळेतील क्षार दातांवर लवकर साचतात. म्हणजे एका व्याधीपासून जे रक्षण करते, तेच दुसरीस साह्य करते.

या दुसऱ्या व्याधीचा क्रम असा. घासलेल्या दातावर एका दिवसाच्या आत जंतूंचा मऊ, चिकट थर पुन्हा धरतो. तो न काढल्यास दोन-तीन दिवसांत क्षार मिसळून त्याचे कठीण किटण बनू लागते. हिरडीच्या कडेखाली शिरलेल्या जंतूंमुळे हिरडी लाल होते, सुजते व तिच्यातून रक्त येते. येथवरची अवस्था पूर्ववत् होऊ शकते. पुढे दाताभोवतीचे अस्थी व तंतू झिजू लागले, म्हणजे गेलेले आपोआप भरून येत नाही. लहान जातींच्या श्वानांत हा विकार विशेष आढळतो.

यावरून निगेचा नियम सहज निघतो : थर मऊ आहे तोवरच तो काढावयाचा, म्हणून दात दररोज घासावयाचे. आरंभी काही दिवस केवळ ओठ उचलून बोट फिरवावे व बक्षीस द्यावे. नंतर मऊ ब्रश अगर ओले फडके वापरावे. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून मुख्यतः दातांची बाहेरची बाजू घासावी. वरच्या चौथ्या उपदाढेजवळ लाळग्रंथीची नलिका उघडते. साहजिकच तेथे किटण अधिक जमते.

माणसांची टूथपेस्ट सर्वथा वर्ज्य समजावी. कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. तिच्यातील फ्लोराइड त्यास अपायकारक आहे. झायलिटॉल असल्यास इन्सुलिन एकाएकी स्रवून रक्तातील साखर घातक प्रमाणात घटते. श्वानांसाठीची पेस्ट न मिळाल्यास साधे पाणी पुरे. हाडे चघळल्याने दात स्वच्छ होतात, हा समज अर्धसत्य आहे. कठीण हाडाने वरील चौथी उपदाढ चिरफाळते आणि शिजवलेल्या हाडाची कपची घशात वा आतड्यात रुतते. चाकूने किटण खरवडणेही अयोग्य होय. त्याने हिरडीखालचा रोग तसाच राहतो व दातावर ओरखडे पडून नवा थर अधिक धरतो.

एका बाबतीत विशेष सावधगिरी अवश्य आहे. कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर दातांत हाड अडकले असे मानून धनी तोंडात हात घालतो. पिसाळ रोगाच्या पक्षाघाती प्रकारातही नेमकी हीच लक्षणे असतात. अशा वेळी हात न घालता जनावर वेगळे ठेवून पशुवैद्यास बोलवावे. जखमेस वा ओरखड्यास लाळ लागलीच, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालयात प्रतिबंधक लस घ्यावी. हा रोग माणसात एकदा प्रकट झाला, की बहुधा प्राणघातकच ठरतो.

घट्ट किटण, हलणारा दात, एका बाजूनेच चावणे किंवा डोळ्याखाली सूज दिसल्यास घरगुती उपायांची मर्यादा संपली. हिरडीखालची साफसफाई व क्ष-किरण तपासणी पूर्ण भूल देऊनच नीट करता येते. गोसीखुर्दसारख्या गावातून त्यासाठी नागपूरसारखे शहर गाठावे लागते. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे. तो प्रवास, खर्च व जनावराचे क्लेश टाळण्याचे साधन मात्र प्रत्येक घरी उपलब्ध आहे : दररोजची दोन मिनिटे.